साथीचा रोग आणि देशाची वेस



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा शिळ्या कढीला ऊत आणण्याचा प्रकार आहे. कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. विमानतळांवरची चाचण्यांची आणि दाखल्यांची ती धांदलही ओसरली. मग २०२० ते २०२३ या काळातील परदेशप्रवेशाचे नियम आता कशाला उगाळावयाचे?

माझे उत्तर सरळ आहे. ज्या गावात दर दोनचार घरांमागे एखादा मुलगा, सून, जावई किंवा भाचा परदेशी आहे, त्या गावाने हे प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळात कित्येकांना आईवडिलांचे अंत्यदर्शन घडले नाही. कित्येक नोकरदार सुट्टीसाठी म्हणून घरी आले ते येथेच अडकून पडले. चीनमध्ये वैद्यक शिकणारे आपले हजारो विद्यार्थी दोन वर्षांहून अधिक काळ घरी बसून संगणकावर धडे घेत राहिले. पुन्हा अशी साथ येणारच नाही, असे कोणी शास्त्रज्ञ सांगत नाही. ती आली, तर देशोदेशींच्या वेशीवर तेच प्रश्न पुन्हा विचारले जातील. ते प्रश्न कोणते, ते का विचारतात आणि विचारणाऱ्याचा अधिकार कोठे संपतो, एवढेच सांगण्याचा आज माझा मानस आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. एड्रियाटिक समुद्राच्या काठी रागुसा नावाचे व्यापारी नगर होते. त्यालाच आज दुब्रॉव्हनिक म्हणतात. प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्याने नगरात पाऊल टाकण्यापूर्वी महिनाभर बाहेर राहावे, असा ठराव या नगराने १३७७ साली केला. पुढे हा महिना चाळीस दिवसांचा झाला आणि व्हेनिसच्या बोलीतील 'चाळीस'वाचक शब्दावरून 'क्वारंटीन' हा शब्द जगभर गेला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रागुसा व्यापारावर जगत होते. बंदर बंद करणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून त्याने परक्याला 'येऊ नका' असे म्हटले नाही. 'थांबून या' असे म्हटले. या दोन आज्ञांतील अंतर आपण मनात धरून ठेवू, कारण शेवटी आपल्याला तेथेच यावयाचे आहे.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगने ठाण मांडले, तेव्हा सगळ्या जगाला संशयास्पद वाटणारे बंदर आपलेच होते. १८९७ साली केवळ प्लेगचा विचार करण्यासाठी व्हेनिस येथे राष्ट्रांची परिषद भरली. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूक बंद करण्यात आली, आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने साथरोगांचा कायदा केला. मार्च २०२० मध्ये आपल्याकडील सरकारांनी जो कायदा पुन्हा हाती घेतला, तो हाच. त्या महिन्यात महाराष्ट्रात परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने विलगीकरणाचे शिक्के मारले गेले.

राष्ट्राराष्ट्रांतील नियम जुळविण्याची खटपट पॅरिसच्या १८५१ सालच्या परिषदेपासून चालू आहे. तिचे फळ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची १९५१ सालची नियमावली. १९६९ साली तिला नवे नाव मिळाले आणि २००५ साली ती नव्याने लिहिली गेली. तिचे सूत्र असे की, रोगाचा प्रसार रोखावा, पण त्यापायी जगाच्या दळणवळणाला अनावश्यक अडथळा होऊ नये.

हे सूत्र जेथे नीट उतरले आहे असे एक उदाहरण पाहू, म्हणजे पुढील घोटाळा समजणे सोपे जाईल. आफ्रिकेला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड परिचयाचे असते. हे कार्ड जगभर एकाच नमुन्याचे आहे. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ते लागू होते आणि जुलै २०१६ पासून ते आजन्म चालते. आपल्या देशात पीतज्वर नाही, पण तो पसरविणारा डास आहे. म्हणून पीतज्वराच्या प्रदेशातून निघून सहा दिवसांच्या आत जो कार्डावाचून येथे येतो, त्याला त्या सहा दिवसांपुरते वेगळे ठेवतात. सहाच दिवस का? तर शरीरात शिरलेला हा रोग दिसू लागण्यास जास्तीत जास्त तितकाच काळ लागतो असे मानतात. येथे कारण, मुदत आणि दाखला ही तिन्ही एकमेकांशी जुळलेली आहेत. प्रवाशाला त्रास होतो. पण तो कशासाठी आणि केव्हा संपणार, हे त्याला आधीच ठाऊक असते.

कोविडच्या वेळी असा जुळलेला नियम जगाजवळ नव्हता. लशीमुळे संसर्ग पसरणे किती थांबते हे अजून कळलेले नाही, शिवाय लस सर्वांना मिळण्याइतकी नाही. म्हणून प्रवेशासाठी लशीच्या दाखल्याची अट घालू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२१ मध्ये दिला होता. परंतु सल्ला तो सल्लाच. वेशीचा अडसर ज्या त्या राष्ट्राच्या हाती असतो, आणि प्रत्येकाने तो आपल्या मनाप्रमाणे ओढला. एका राष्ट्राच्या आतही थर होते. डिसेंबर २०२० मध्ये विलायतेत विषाणूचा नवा प्रकार दिसला, तेव्हा महाराष्ट्र शासनाने युरोप व मध्यपूर्वेतून येणाऱ्यांसाठी सरकारच्या देखरेखीखालील चौदा दिवसांच्या विलगीकरणाची अट घातली. अशी अट सर्व राज्यांत नव्हती. प्रवासी एकाच देशात येत होता. परंतु कोणत्या विमानतळावर उतरतो यावर त्याचे पुढचे दोन आठवडे अवलंबून होते.

या नियमांचे जंगल वरवर कितीही दाट दिसले, तरी त्याच्या मुळाशी चारच प्रश्न आहेत असे आढळून येईल.

पहिला प्रश्न : आपण कोण? नागरिक, कायमचा रहिवासी की केवळ व्हिसा घेऊन आलेला पाहुणा? भारत सरकारने ११ मार्च २०२० रोजी जाहीर केले की, काही मोजके वर्ग सोडून सर्व व्हिसा १३ मार्चपासून स्थगित केले जात आहेत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या बांधवांजवळ 'ओव्हरसीज सिटिझन'चे कार्ड असते. त्यावर जन्मभर व्हिसावाचून येण्याची सोय आहे. तीही त्याबरोबर स्थगित झाली. अनेकांना तेव्हा प्रथमच कळले की, कार्डाच्या नावात 'नागरिक' हा शब्द असला, तरी ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. हीच गोष्ट अमेरिकेची. मे २०२१ मध्ये तिने भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली, तेव्हा कायम निवासाचे ग्रीन कार्ड असणाऱ्यांना त्यातून वगळले. पण तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरील माणसाचे घर, गाडी, मुलांची शाळा सर्व तिकडे असले, तरी सर्वसाधारणपणे तो बंदीत सापडला. सवलत आणि हक्क यांतील भेद सुकाळात दिसत नाही. संकटात तो उघडा पडतो.

दुसरा प्रश्न : आपण कोठून आलात? हा प्रश्न पहिल्याहून अगदी वेगळा आहे. येथे पारपत्राचा रंग पाहत नाहीत, पायांची धूळ पाहतात. अमेरिकेची वरील बंदी भारतीयांवर नव्हती. गेल्या चौदा दिवसांत जो भारतात होता त्याच्यावर होती. तेव्हा काही लोकांनी मध्ये एखाद्या तिसऱ्या देशात चौदा दिवस काढले आणि मग ते अमेरिकेत शिरले. तो नियमाचा भंग नव्हता. नियमाच्या तर्काप्रमाणेच ते वागले, कारण चौदा दिवसांत बहुधा रोग दिसून येतो हाच त्या मुदतीचा आधार होता. ब्रिटनने देशांना सिग्नलच्या दिव्यांचे तांबडे, पिवळे, हिरवे असे रंग दिले. भारत २३ एप्रिल २०२१ रोजी तांबड्या यादीत गेला आणि ८ ऑगस्टला पिवळ्या यादीत आला. तांबड्या देशातून येण्याची परवानगी मुळात ब्रिटनच्या नागरिकांना व तेथील रहिवाशांनाच होती, आणि त्यांनाही सरकारने ठरविलेल्या हॉटेलात दहा दिवस राहावे लागे. त्याचा आकार एका माणसास आरंभी १,७५० पौंड होता. गेल्या दहा दिवसांत त्या देशात मुक्काम केला असो वा त्या देशातून नुसते पुढे गेलेले असो, दोन्ही सारखेच धरले जाई. स्वस्त तिकिटाच्या मोहाने वाटेतला देश निवडणारा येथे फसे.

तिसरा प्रश्न : आपल्याजवळ पुरावा काय? या प्रश्नाची गोष्ट तर आपल्या दाराशीच घडली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड ही ऑक्सफर्ड व अ‍ॅस्ट्राझेनेका यांचीच लस. जागतिक आरोग्य संघटनेने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी तिला आणीबाणीतील मान्यता दिली होती आणि पुण्यात तयार झालेल्या पन्नास लाख मात्रा खुद्द ब्रिटनने मागवून वापरल्या होत्या. असे असता त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रिटनने जे नवे नियम जाहीर केले, त्यांत भारतात ही लस घेतलेला मनुष्य लस न घेतलेला ठरला! टीका झाल्यावर २२ सप्टेंबरला लशीचे नाव यादीत आले, पण भारताचा दाखला आला नाही. कारण वाद आता लशीचा राहिला नव्हता, कागदाचा होता. आपल्या दाखल्यावर वय छापले जाई, पूर्ण जन्मतारीख नसे. ती छापण्याची सोय मागाहून झाली. भारतानेही मग ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना दहा दिवसांचे विलगीकरण लावले; ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपली अट उठविली आणि भारतानेही आपली मागे घेतली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वेशीवरचा अधिकारी आपल्या दंडातील लस पाहू शकत नाही. तो फक्त कागद पाहतो. लस शास्त्राने सिद्ध होते. कागद मात्र दोन सरकारांच्या परस्परविश्वासाने सिद्ध होतो.

चौथा प्रश्न सर्वांत क्षुल्लक वाटतो, आणि माणसे अडतात ती बहुधा त्यावरच. तो असा : घड्याळ कोणाचे? 'बहात्तर तासांच्या आतील चाचणी' म्हणजे नमुना दिल्यापासूनचे तास की अहवाल हाती आल्यापासूनचे? विमान सुटेपर्यंतचे की उतरेपर्यंतचे? पुण्याहून मुंबई, तेथून आखात आणि पुढे युरोप असा प्रवास असेल, तर कोणते विमान धरावयाचे? अमेरिकेने तास न सांगता दिवस सांगितले, त्यामागे विचार होता. ६ डिसेंबर २०२१ पासून तिने निघण्यापूर्वी एका दिवसाच्या आतील चाचणी मागितली. शुक्रवारी रात्री अकराचे विमान असेल, तर या नियमाने गुरुवारी सकाळी दिलेला नमुनाही चाले. 'चोवीस तास' म्हटले असते, तर गुरुवारी रात्री अकरानंतरचाच चालला असता. विमानाला थोडा उशीर झाला, तरी दिवसाच्या नियमात प्रवासी तरतो, तासांच्या नियमात बुडतो.

हीच कथा लशीच्या घड्याळाची. १३ मे २०२१ रोजी आपल्या सरकारने कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर बारा ते सोळा आठवडे केले. वैद्यकीय दृष्टीने ते योग्य असेल. पण ऑगस्टात ज्यांचे परदेशी महाविद्यालय उघडणार, त्या मुलांचे काय? शेवटी ७ जूनला विद्यार्थी, परदेशी नोकरीवर जाणारे आणि ऑलिंपिकचे खेळाडू यांना अठ्ठावीस दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा मिळाली आणि दाखल्यास पारपत्राचा क्रमांक जोडण्याची सोय झाली.

या चार प्रश्नांची उत्तरे तपासतो कोण? आपण समजतो की परक्या देशाचा अधिकारी. वस्तुतः पहिला पहारेकरी आपल्याच गावच्या विमानतळावर, विमान कंपनीच्या खिडकीपाशी उभा असतो. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला, तर त्याला परत आणण्याचा भार आणि अनेक ठिकाणी दंडही कंपनीवर पडतो. म्हणून तेथील कारकून आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघाच्या 'टिमॅटिक' नावाच्या माहितीसंग्रहात पाहून निर्णय देतो. शंका आली तर तो 'नाही' म्हणतो, कारण 'हो' म्हणण्याचा धोका त्याचा असतो आणि 'नाही'चा तोटा आपला.

शिवाय एका खिडकीचा होकार दुसरीला बांधून ठेवीत नाही. प्रसिद्ध टेनिसपटू नोव्हाक जोकोविच ५ जानेवारी २०२२ रोजी मेलबर्नला उतरला. लशीच्या अटीतून स्पर्धेच्या संयोजकांनी व त्या राज्याच्या वैद्यकीय मंडळाने त्याला सूट दिली होती. पण सीमा मध्यवर्ती सरकारच्या ताब्यात. त्याचा व्हिसा रद्द झाला, न्यायालयाने तो परत दिला, मंत्र्यांनी पुन्हा रद्द केला आणि १६ जानेवारीला न्यायालयाचा अखेरचा निकाल होऊन त्याला देश सोडावा लागला. मधल्या काळात असेही उघड झाले की, त्याच्या वतीने दुसऱ्याने भरलेल्या प्रवासपत्रकात आधीच्या चौदा दिवसांच्या प्रवासाविषयी चुकीचे उत्तर होते. जगातील अव्वल खेळाडूची ही कथा, तर मुलाने घाईघाईने भरून दिलेला अर्ज घेऊन निघालेल्या आजोबांचे काय व्हावे?

येथवर मी पाहुण्याविषयी बोललो. पाहुण्याला थांबविण्याचा अधिकार राष्ट्राला आहे, हे आपण सारे मान्य करू. खरा पेच पुढे आहे : घरच्याच माणसाला दार बंद करता येईल काय? नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ सालच्या आंतरराष्ट्रीय कराराचे बारावे कलम सांगते की, स्वदेशात प्रवेश करण्याचा हक्क कोणाकडूनही मनमानीने हिरावून घेतला जाऊ नये. सारा वाद 'मनमानीने' या एका शब्दाभोवती आहे.

मे २०२१ मध्ये आपल्याकडे दुसऱ्या लाटेचा कहर चालू असता ऑस्ट्रेलियाने आज्ञा काढली की, गेल्या चौदा दिवसांत भारतात असलेल्या कोणीही, मग तो ऑस्ट्रेलियाचा नागरिक का असेना, देशात येऊ नये. आल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. ३ मे ते १५ मे अशी ही आज्ञा टिकली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले ते फसले. न्यूझीलंडनेही त्याआधी एप्रिलमध्ये भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांना सुमारे दोन आठवडे थांबविले होते. पुढे त्या देशात विलगीकरणगृहातील जागा सोडतीसारख्या पद्धतीने वाटल्या जाऊ लागल्या. नंबर लागला तर घरी यावयाचे, नाही तर पुढच्या खेपेस पुन्हा नशीब पाहावयाचे. एप्रिल २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने जो निर्णय दिला तो मननीय आहे. परतणाऱ्याला विलगीकरणात ठेवणे न्यायालयाने चूक मानले नाही. पण ज्या वाटपपद्धतीत कोणाची निकड किती आणि कोण किती दिवस ताटकळला याचा विचारच नाही, त्या पद्धतीने काही नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्काचा भंग झाला, असे त्याने ठरविले. आपणही येथे स्वतःला वगळू नये. २२ मार्च २०२० पासून आपण परदेशी विमानांची नियमित वाहतूक बंद केली, आणि 'वंदे भारत' मोहिमेची विमाने सुरू झाली ती ७ मे रोजी. मधल्या काळात आपलेही नागरिक देशोदेशी ताटकळत होते.

कोणी म्हणेल, प्राण वाचावयाचे असतील तर एवढे सोसलेच पाहिजे. या म्हणण्यात तथ्य आहे. न्यूझीलंडसारख्या बेटाने वेस आवळून धरली आणि लस हाती येईपर्यंतचा मोलाचा काळ मिळविला, हे नाकारता येणार नाही. पण वेस काळ मिळवून देते, अभय देत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन हा नवा प्रकार ओळखून जगाला तत्परतेने कळविला. त्याचे बक्षीस म्हणून देशांमागून देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागाला दारे बंद केली. मागाहून आढळले की, नेदरलँड्समध्ये १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांत तो विषाणू होताच. म्हणजे बातमी फुटण्यापूर्वीच चोर घरात शिरला होता. जो खरे सांगतो त्यालाच शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येक देश दहादा विचार करील, आणि त्याची किंमत सर्व जग देईल.

१ जून २०२४ रोजी जागतिक आरोग्य सभेने आपल्या नियमावलीत दुरुस्त्या केल्या. ज्या राष्ट्रांनी त्या स्वीकारल्या त्यांना त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत 'महामारीची आणीबाणी' अशी नवी पायरी आहे. तथापि अडसर ओढणारा हात अजूनही ज्याचा त्याचाच आहे. म्हणून प्रवाशाने काही पथ्ये पाळावी हे बरे. नियम ऐकीव घेऊ नये; त्या देशाच्या सरकारी निवेदनात, निवेदनाची तारीख पाहून, स्वतः वाचावा. आपल्याला लागू पडणारे वाक्य कागदावर उतरवून जवळ ठेवावे. दाखल्यावरील नाव आणि जन्मतारीख पारपत्राशी अक्षरशः जुळवावी. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा पाहावा. आपले प्रवासपत्रक दुसऱ्याने भरले, तरी सही करण्यापूर्वी ओळ न् ओळ स्वतः तपासावी.

नागरिक म्हणून मात्र आपले काम याहून मोठे आहे. पुढे कधी अशी आज्ञा निघाली, तर आपण तिला तीन गोष्टी विचाराव्या : तुझे कारण काय, तुझी मुदत किती, आणि घरी परतू पाहणाऱ्याला तू वाट ठेवली आहेस काय? पीतज्वराच्या कार्डाजवळ पहिल्या दोहोंची चोख उत्तरे आहेत, आणि कार्ड नसलेल्यालाही ते सहा दिवसांनी घरात घेते. साडेसहाशे वर्षांपूर्वी रागुसाच्या नगरपित्यांना ना विषाणू ठाऊक होता ना लस. परंतु दाराशी आलेल्याला 'थांबून या' म्हणता येते, एवढे त्यांना कळले होते. 'थांबून या' ही आज्ञा कितीही कडक असो, ती समाजाने सोसावी. कारण तिच्यात परतण्याची वाट शिल्लक आहे. स्वतःच्याच माणसाला 'येऊ नका' म्हणणारे शासन मात्र आपल्या घरात असो वा परक्याच्या, त्याला जाब विचारणे हे आपले कर्तव्य आहे.